मुंबई महानगरपालिका निवडणूक

बृहन्मुंबई महानगरपालिकेचे २२७ नगरसेवक निवडून देणारी निवडणूक. मुदत ५ वर्षांची. निवडणूक घेण्याची आणि तिच्यावर देखरेख ठेवण्याची जबाबदारी राज्य निवडणूक आयोगाची असते. लोकसभा-विधानसभेच्या निवडणुका घेणारा भारत निवडणूक आयोग वेगळा. महाराष्ट्रातल्या बहुतेक महापालिकांत एका प्रभागातून तीन-चार नगरसेवक एकत्र निवडून जातात. मुंबईत मात्र एक प्रभाग, एक नगरसेवक हीच रीत टिकून आहे. नळाला पाणी आले नाही किंवा गटार तुंबले तर कोणाचे दार ठोठवायचे, हे मुंबईकराला नेमके ठाऊक असते ते यामुळेच, आणि या पद्धतीचे हे मोठे बळ आहे.

‘वॉर्ड’ या शब्दाने इथे नेहमी घोटाळा होतो. ए, जी-नॉर्थ, के-वेस्ट अशी अक्षरांची नावे असलेले वॉर्ड म्हणजे प्रशासकीय विभाग. त्यांचा कारभार सहायक आयुक्त पाहतात. मतदान होते ते आकड्यांनी ओळखल्या जाणाऱ्या प्रभागांत. एका प्रशासकीय विभागात असे अनेक प्रभाग येतात. बोलताना लोक दोन्हींना वॉर्डच म्हणतात.

पालिकेतील निवडणुकांची सुरुवात १८७२ च्या कायद्याने झाली. तेव्हा ६४ सभासदांपैकी निम्मे करदात्यांनी निवडायचे होते. आजही लागू असलेला मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८ चा आहे. त्याच्या घडणीत फिरोजशहा मेहता यांचा मोठा वाटा होता आणि पालिका मुख्यालयासमोर त्यांचा पुतळा उभा आहे. मताचा हक्क मात्र अनेक दशके मोजक्या लोकांपुरताच राहिला. गिरणगावातल्या चाळीत एका खोलीत दाटीवाटीने राहणाऱ्या कामगाराला पालिकेसाठी मत देता आले ते १९४८ साली, प्रौढ मताधिकाराने झालेल्या पहिल्या निवडणुकीत. पालिकेच्या सगळ्या इतिहासात याहून मोठा बदल झालेला नाही.

त्यानंतर शहराच्या राजकारणाची वळणे आधी पालिकेत दिसू लागली. १९५७ मध्ये मुंबईसह मराठी राज्य मागणाऱ्या संयुक्त महाराष्ट्र समितीने पालिका जिंकली. तेव्हा मुंबई मराठी-गुजराती द्वैभाषिक राज्यात होती. महाराष्ट्र राज्य व्हायला आणखी ३ वर्षे लागली. १९६८ मध्ये नव्याने स्थापन झालेल्या शिवसेनेने ४२ जागा मिळवल्या. १९८५ मध्ये तिची सत्ता आली आणि छगन भुजबळ महापौर झाले. २०१७ मध्ये स्वतंत्र लढलेल्या शिवसेनेला ८४ आणि भारतीय जनता पक्षाला ८२ जागा मिळाल्या.

निवडणुकीची खरी धाकधूक सुरू होते ती प्रचाराच्या कितीतरी आधी, आरक्षणाच्या सोडतीत. निम्म्या जागा महिलांसाठी राखीव असतात. २०२५ च्या सोडतीत १५ प्रभाग अनुसूचित जाती, २ अनुसूचित जमाती आणि ६१ इतर मागासवर्गासाठी निघाले. ‘आमचा वॉर्ड महिला पडला’ एवढ्या चार शब्दांनी एखाद्या नगरसेवकाची अनेक वर्षांची बांधणी मोडते. मग तो शेजारचा प्रभाग शोधतो किंवा घरातून पत्नीला, सुनेला उभे करतो. अशी उभी राहिलेली बाई फक्त नावापुरती असते, असा सरसकट शेरा मारणे अन्यायाचे आहे. पतीच्या जागी आलेल्या कित्येक जणींनी पुढे स्वतःच्या नावावर वॉर्ड राखला आहे.

दुसरा कसोटीचा क्षण एबी फॉर्मचा. हा पक्षाचा अधिकृत उमेदवारीचा कागद. बंडखोरी टाळण्यासाठी पक्ष तो अर्ज भरण्याच्या शेवटच्या रात्रीपर्यंत हातात ठेवतात. तिकीट कापले गेलेले कार्यकर्ते त्याच रात्री अपक्ष अर्जाची तयारी करतात. प्रभाग लहान असल्याने असा एक बंडखोरही निकाल फिरवू शकतो. प्रचार प्रभातफेऱ्या, चौकसभा आणि सोसायटीच्या बैठकांतून चालतो. संक्रांतीच्या सुमारास निवडणूक आली तर हळदीकुंकवांतूनही.

मतदानाच्या दिवशी केंद्रापासून ठरलेल्या अंतरावर पक्षांची टेबले लागतात. यादी उघडून कार्यकर्ता आडनाव विचारतो, बोटाने ओळ शोधतो आणि अनुक्रमांक लिहिलेली चिठ्ठी हातात देतो. विधानसभेच्या यादीची फोड करून प्रभागाची यादी बनते. त्यामुळे एकाच घरातली नावे दोन केंद्रांवर गेल्याचे इथेच कळते आणि म्हातारी माणसे उन्हात या शाळेतून त्या शाळेत फिरतात. मतदान यंत्राबरोबर व्हीव्हीपॅट, म्हणजे मत कोणाला गेले याची छापील चिठ्ठी दाखवणारे यंत्र, नसते.

एका मताचे मोल २०१७ मध्ये गिरगावातल्या २२० क्रमांकाच्या प्रभागात दिसले. शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर आणि भाजपचे अतुल शहा यांना फेरमोजणीनंतरही अगदी सारखी मते पडली. नियमाप्रमाणे चिठ्ठी टाकण्यात आली. एका लहान मुलीने ती उचलली आणि शहा नगरसेवक झाले. त्या प्रभागातल्या आणखी एकाच माणसाने घराबाहेर पाऊल टाकले असते, तर चिठ्ठीची वेळ आली नसती.

२०१७ च्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. पुढची निवडणूक मागासवर्ग आरक्षणाचा वाद आणि प्रभागसंख्या २३६ करावी की २२७ च ठेवावी हा वाद यांत अडकली. कारभार आयुक्तांकडे प्रशासक म्हणून गेला. खर्चाला मंजुरी देणारी नगरसेवकांची स्थायी समिती नव्हती, सभागृह नव्हते. ७४ हजार कोटींहून मोठा २०२५-२६ चा अर्थसंकल्पही लोकांच्या एकाही प्रतिनिधीने चर्चा न करता मंजूर झाला. अधिकारी कामे करत होते, पण त्यांना मत मागायला परत यायचे नव्हते. एवढ्या मोठ्या शहराला जवळपास ४ वर्षे नगरसेवकांविना ठेवणे ही साधी दिरंगाई मानता येणार नाही. मतदारांचा हक्क तेवढा काळ गोठवला गेला.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला. १५ जानेवारी २०२६ रोजी, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, मतदान झाले आणि १६ ला मोजणी. भाजपला ८९, उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेला ६५ आणि एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेला २९ जागा मिळाल्या. बहुमताला ११४ लागतात. महापौर थेट लोकांतून निवडला जात नाही. नगरसेवक त्याला अडीच वर्षांसाठी निवडतात आणि ते पद कोणत्या प्रवर्गासाठी राखीव, हेही सोडतीनेच ठरते.