कारखान्यात अपघात झाला तर भरपाई कशी मागायची: ईएसआय, लेबर कोर्ट आणि लागणारे कागद

भोसरी-चाकण असो, वाळूज असो की नाशिकचं अंबड, प्रेस मशीनवर बोटं जाण्याचे अपघात होतच असतात. अपघात झाला की सगळे दवाखान्याकडे पळतात, ते योग्यच. पण तिथे पोचल्यावर पहिल्या दहा मिनिटांत केसपेपरवर 'कसं झालं' ते लिहिलं जातं. डॉक्टर विचारतात, उत्तर देतो सोबत आलेला सुपरवायझर. 'घरी दारात बोट सापडलं' असं एक वाक्य तिथे उमटलं, की पुढे दोन वर्षं कोर्टात मालकाचा वकील तेच वाक्य वाचून दाखवतो. म्हणून रुग्ण शुद्धीवर असेल तर त्याने स्वतः, नाहीतर घरच्या माणसाने कंपनीचं नाव, मशीन, वेळ आणि पाळी सांगून लिहून घ्यावी. एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवायच्या मेडिको-लीगल केसची, नोंद करायला लावावी आणि केसपेपरचा मोबाईलवर फोटो काढून ठेवावा. माझ्या मते चांगला वकील मिळण्याइतकंच हे महत्त्वाचं आहे.

आधी दार कोणतं ते ठरवा

भरपाईचे रस्ते दोन आहेत आणि एकाच अपघातासाठी दोन्हीकडे पैसे मागता येत नाहीत.

कारखान्यात दहा किंवा जास्त माणसं असतील आणि तुमचा पगार महिना 21,000 रुपयांपर्यंत असेल, तर मामला कर्मचारी राज्य विमा महामंडळाचा, म्हणजे ईएसआयसीचा. 'माझ्या पगारातून ईएसआय कापतच नाहीत' म्हणून अनेक जण हे दार सोडून देतात. तसं करू नका. वर्गणी देणं लागू होतं पण मालकाने भरली नाही, तरी कामगाराचा हक्क जात नाही. महामंडळ ती मालकाकडून वसूल करतं. कामावरच्या इजेसाठी ठराविक महिने वर्गणी भरलेली असावी अशी अटही नाही. कामाला लागून चारच दिवस झाले असले तरी चालतं.

पगार त्यापेक्षा जास्त असेल किंवा आस्थापनेला ईएसआय लागूच नसेल, तर कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, 1923. इथे पैसे मालकाने द्यायचे आणि मागायचे या कायद्याखालच्या भरपाई आयुक्तांपुढे. महाराष्ट्रात हे काम कामगार न्यायालयाचे न्यायाधीश आणि बऱ्याच ठिकाणी दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर पाहतात. बोलीत सगळं 'लेबर कोर्ट'च.

तारखेचंही भान ठेवा. 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 लागू झाली आहे आणि हे दोन्ही जुने कायदे तिच्यात सामावले गेले आहेत. त्याआधीच्या अपघातांना जुनाच कायदा. नंतरच्या अपघातांसाठी भरपाईची बांधणी बरीचशी तीच असली तरी वेतनाची व्याख्या बदलली आहे आणि आयुक्तांऐवजी सक्षम प्राधिकारी आला आहे. अर्ज टाईप करण्याआधी त्या कार्यालयात जाऊन चालू नमुना विचारून घ्या. या लेखातली आकडेमोड 1923 च्या कायद्याप्रमाणे आहे.

ईएसआयमध्ये काय होतं

मालकाने अपघाताचा अहवाल फॉर्म 12 मध्ये द्यायचा असतो, हल्ली तो ऑनलाइन जातो. तो दिला नाही तर शाखा कार्यालयात तुम्ही लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. उपचार चालू असेपर्यंत, अपघाताचा दिवस सोडून किमान तीन दिवस काम बुडालं असेल, तर सरासरी रोजच्या वेतनाच्या 90 टक्के दराने तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ मिळतो. जखम भरल्यावर कायमचं नुकसान उरलं असेल तर मेडिकल बोर्डापुढे जायचं. बोर्ड कमाईची क्षमता किती टक्के गेली ते ठरवतं आणि त्यानुसार दरमहा रक्कम आयुष्यभर चालू राहते. टक्केवारी कमी वाटली तर तीन महिन्यांत मेडिकल अपील ट्रिब्युनलकडे अपील करता येतं. बोर्डापुढे जाताना एक्स-रे आणि डिस्चार्ज कार्डसोबत तुम्ही नेमकं काय काम करत होता हे सांगणारा कागदही न्या.

लेबर कोर्टाचा हिशेब

मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या 50 टक्के गुणिले कायद्याच्या तक्त्यातला वयानुसारचा गुणक, किमान 1,20,000 रुपये. कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास 60 टक्के गुणिले गुणक, किमान 1,40,000. जानेवारी 2020 पासून हिशेबात वेतन जास्तीत जास्त 15,000 धरतात, पगार तीस हजार असला तरी.

अंशतः अपंगत्वाला कायद्यातल्या परिशिष्टातली टक्केवारी लागते: अंगठा गेला तर 30 टक्के, एका हाताची चारही बोटं गेली तर 50, तीन गेली तर 30, पूर्ण तर्जनी 14. समजा 30 वर्षांच्या ऑपरेटरचा अंगठा गेला, पगार 24,000. धरायचे 15,000, त्याचे 60 टक्के 9,000, तिशीचा गुणक 207.98, झाले 18,71,820. त्याचे 30 टक्के म्हणजे 5,61,546 रुपये. उपचारांचा प्रत्यक्ष खर्च वेगळा मिळतो, तेव्हा औषधांची बिलं फेकू नका.

परिशिष्टातला आकडा म्हणजे शेवटचा शब्द मात्र नाही. ओडिशातल्या एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याची कमाईची क्षमता 100 टक्के गेली, हा निष्कर्ष सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1975 मध्ये प्रताप नारायण सिंग देव खटल्यात कायम ठेवला. त्यामुळे सिव्हिल हॉस्पिटलचा नुसता दिव्यांग दाखला पुरेसा समजू नका. तो शरीराचं नुकसान सांगतो. इथे तुमच्या कामाच्या दृष्टीने कमाई किती बुडाली ते डॉक्टरांकडून लिहून हवं असतं.

कागद

सगळ्यात अवघड असतं ते 'हा माझा कामगार होता' हे सिद्ध करणं, कारण अपघातानंतर मालकाचं पहिलं उत्तर बहुधा 'आम्ही याला ओळखत नाही' हेच असतं. पगारपत्रक नसेल तर बँक पासबुकातल्या जमा रकमा, पीएफचं पासबुक, गेटपास, हजेरी कार्ड, पाळीबद्दल सुपरवायझरने पाठवलेले व्हॉट्सॲप मेसेज, सोबत काम करणाऱ्या दोघांचे जबाब यातलं जे हाती लागेल ते गोळा करा. वयासाठी शाळा सोडल्याचा दाखला. कारखाना निरीक्षकांकडे, म्हणजे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे, अपघाताची सूचना गेली असेल तर माहिती अधिकारात तिची प्रत मागा. मृत्यू झाला असेल तर मृत्यूचा दाखला, शवविच्छेदन अहवाल, पंचनामा आणि अवलंबितांचे आधार-रेशनकार्ड. विधवा पत्नी, अज्ञान (18 वर्षांखालचा) मुलगा, अविवाहित मुलगी आणि विधवा आई यांना आपण मृतावर अवलंबून होतो हे वेगळं सिद्ध करावं लागत नाही.

अर्ज

आधी मालकाला लेखी नोटीस द्या, रजिस्टर पोस्टाने. अर्ज अपघातापासून दोन वर्षांच्या आत करायचा; उशिराला सबळ कारण असेल तर माफी मिळू शकते, पण त्या भरवशावर राहू नका. अपघात चाकणला झाला आणि तुम्ही नांदेडचे असाल, तर नांदेडलाही अर्ज करता येतो. कामगार आणि त्याचे अवलंबित जिथे राहतात ते ठिकाण कायद्याला चालतं. ठेकेदाराचे कामगार असाल तर ठेकेदार आणि मूळ कंपनी दोघांनाही पक्षकार करा. कंपनीला आधी द्यावे लागतात, मग तिने ठेकेदाराकडून वसूल करावेत, तो तुमचा प्रश्न नाही.

'चूक तुझीच' हा बचाव साध्या निष्काळजीपणासाठी चालत नाही. दारू पिऊन कामावर येणं किंवा मशीनचं गार्ड मुद्दाम काढणं ही कारणं मालकाने सिद्ध करायची असतात, आणि मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व आलं असेल तर तीही लागू होत नाहीत.

कामावर येता-जाता झालेल्या अपघाताचाही दावा होतो. धाराशिव जिल्ह्यातल्या साखर कारखान्याचा एक वॉचमन 2003 मध्ये पहाटेच्या ड्युटीला निघाला आणि वाटेतच अपघातात गेला. उच्च न्यायालयात हरलेल्या त्याच्या कुटुंबाचा भरपाईचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये मान्य केला. नव्या संहितेत तर घर ते कामाच्या प्रवासाचा थेट उल्लेख आहे. फक्त अपघाताचा संबंध कामाशी जुळला पाहिजे.

मध्येच 'पन्नास हजार घे आणि सही कर' असा निरोप येतो. कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही नको. हक्क सोडून देणारा करार कायद्याने रद्दच ठरतो. तडजोड करायचीच असेल तर ती आयुक्तांकडे नोंदवलेली हवी. मृत्यूच्या प्रकरणात तर भरपाई आयुक्तांकडेच जमा करायची असते, घरी आणून दिलेली रक्कम भरपाई धरली जात नाही. अपवाद तीन महिन्यांच्या वेतनाइतक्या आगाऊ रकमेचा.

देय झाल्यापासून महिन्याभरात पैसे आले नाहीत तर 12 टक्के व्याज लागतं. योग्य कारण नसताना थकवले तर रकमेच्या 50 टक्क्यांपर्यंत दंडही होतो. मालकाने विमा उतरवला असेल तर व्याज सहसा विमा कंपनी भरते, दंड मालकाच्या खिशातून जातो, त्यामुळे अर्जात दोन्ही मागण्या स्पष्ट लिहा. निकाल तीन महिन्यांत लागावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा पडतात. मालकाला अपिलात जायचं तर आधी रक्कम जमा करावी लागते, आणि निकालानंतरही दिली नाही तर ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. औद्योगिक कामगाराला तिथे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. अर्ज करताना आपण कारखान्यातले कामगार आहोत हे आवर्जून लिहा.