बिलातून कापलेला टीडीएस वर्षाअखेर कसा जुळवायचा

मकरपुरा जीआयडीसीतल्या एखाद्या कंपनीसाठी मशीनची ड्रॉइंग करणारा मुलगा महिन्याला ७०,००० रुपयांचं बिल देतो आणि त्याच्या खात्यात ६३,००० जमा होतात. मधले ७,००० म्हणजे टीडीएस, पैसे देणाऱ्याने आधीच कापून त्याच्या नावे सरकारात भरायचा आयकर. शेजारच्या टेबलावर तेच काम करणाऱ्या, पण पगारावर असलेल्या सहकाऱ्याचा आयकर मात्र एक रुपयाही कापला जात नाही. बडोद्यात दांडिया बाजारात मी हिशेबाची कामं करते. दर वर्षी कोणी ना कोणी समोर बसून हाच प्रश्न विचारतं, "ताई, माझेच सात हजार का?"

पगारावर कर कापताना (कलम १९२) कंपनीला वर्षभराचा अंदाज बांधावा लागतो. या माणसाला वर्षात किती मिळणार, त्यावर एकूण कर किती होणार, हे काढून ती दर महिन्याला सरासरीने कापते. मध्येच पगार वाढला किंवा आधी जास्त कापलं गेलं, तर पुढच्या महिन्यांत कमीजास्त करून मार्चपर्यंत मेळ घालायची मुभा कायद्यातच आहे. शेजारच्या टेबलावरच्या माणसाचा वर्षाचा पगार ८,४०,०००. त्यातून ७५,००० ची प्रमाणित वजावट गेली की नव्या करप्रणालीत त्याच्यावर कर शून्य. मग कापायचं काय?

कंत्राटावरच्या माणसाला ही सोय नाही. कंपनीला तुमचं वर्षाचं उत्पन्न माहीत नसतं आणि ते विचारायचीही तिच्यावर सक्ती नाही. समोरच्या बिलावर ठरलेला टक्का कापला की तिचं काम संपलं. वर्षाचा मेळ तुम्हालाच घालावा लागतो.

कोणाचं किती कापतात

खालचे आकडे १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६ या वर्षाचे आहेत. फॅब्रिकेशन, मजूर पुरवणं, वाहतूक, रंगकाम अशा ठेक्यांवर कलम १९४सी लागतं. ठेकेदार एकटा असेल तर १ टक्का, भागीदारी किंवा कंपनी असेल तर २ टक्के. एक बिल ३०,००० च्या वर गेलं, किंवा त्या पार्टीकडून वर्षात मिळणारी रक्कम १,००,००० च्या वर गेली की कापणं सुरू होतं. इंजिनिअर, वकील, डॉक्टर, आर्किटेक्ट अशा व्यावसायिकांना कलम १९४जे लागतं आणि १० टक्के जातात. निव्वळ तांत्रिक सेवा असेल तर २ टक्के. इथली मर्यादा वर्षाला ५०,००० आहे. पॅन दिला नसेल, किंवा आधारशी जोडलेला नसल्याने तो निष्क्रिय झाला असेल, तर थेट २० टक्के. हे मी दोन वेळा पाहिलंय आणि दोन्ही वेळा माणसाला महिनोन् महिने पत्ताच नव्हता.

बिलात जीएसटी वेगळा दाखवला असेल तर टीडीएस मूळ रकमेवरच कापायचा असतो. बिलाचा नमुना करतानाच जीएसटीची ओळ वेगळी ठेवा.

१ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू झाला आहे. पगाराचा टीडीएस आता कलम ३९२ मध्ये आहे आणि १९४सी, १९४जे ही सगळी मंडळी कलम ३९३ मध्ये एकत्र आली आहेत. 'मागील वर्ष' आणि 'निर्धारण वर्ष' यांच्या जागी 'कर वर्ष' हा एकच शब्द आला. २०२५-२६ चा हिशेब मात्र जुन्या कायद्यानेच होतो, म्हणून इथे जुनेच क्रमांक ठेवले आहेत.

खरा कर किती निघतो

ड्रॉइंगवाल्या मुलाकडे परत येऊ. वर्षाची बिलं ८,४०,०००, कापलेला टीडीएस ८४,०००. इंजिनिअरिंग, वकिली, वैद्यकी, वास्तुकला, हिशेबनिसी, तांत्रिक सल्ला, अंतर्गत सजावट आणि अधिसूचित झालेले आणखी काही व्यवसाय करणाऱ्या निवासी व्यक्तीला कलम ४४एडीए घेता येतं. वर्षाची जमा ५० लाखांपर्यंत हवी; रोखीने आलेली रक्कम ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांपर्यंत चालते. जमेच्या निम्मी रक्कम नफा म्हणून दाखवली की वह्या ठेवायची आणि ऑडिटची गरज राहत नाही. निम्मं हे कमीत कमी आहे. हातात खरोखर जास्त राहत असेल तर जास्तच दाखवावं. मी माझ्याकडे येणाऱ्यांना हे पहिल्याच भेटीत सांगते.

या मुलाचा खर्च खरोखरच निम्म्याच्या आसपास जातो, तेव्हा उत्पन्न ४,२०,०००. नव्या प्रणालीत पहिल्या ४ लाखांवर कर नाही, वरच्या २०,००० वर ५ टक्क्यांनी १,०००, आणि एकूण उत्पन्न १२ लाखांच्या आत असल्याने कलम ८७ए ची सूट तेही पुसून टाकते. कर शून्य. ८४,००० च्या ८४,००० परत.

आता उलटं उदाहरण. फॅब्रिकेशनचा ठेका घेणाऱ्या एका काकांची वर्षाची बिलं ६० लाख, १ टक्क्याने टीडीएस ६०,०००. त्यांचा नफा १४ लाख. कर होतो ९०,०००, त्यावर ४ टक्के उपकर धरून ९३,६००. म्हणजे ३३,६०० अजून भरायचे आहेत. टीडीएस कापला म्हणजे कर भरून झाला असं समजून ते निश्चिंत होते, आणि अशी समजूत असलेली माणसं मला सारखी भेटतात. टीडीएस हा केवळ उचल दिलेला कर आहे. तो कमी पडतो तसा जास्तही होतो.

कमी पडत असेल तर: अग्रिम कर

टीडीएस वजा करून वर्षाला १०,००० किंवा जास्त कर उरत असेल तर अग्रिम कर भरावा लागतो. नेहमीचे हप्ते चार: १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत पूर्ण. ४४एडी (धंदा आणि ठेकेदारीसाठी असलेली ४४एडीए सारखीच सोय) किंवा ४४एडीए घेणाऱ्यांना चार हप्त्यांची गरज नाही, सगळी रक्कम १५ मार्चपर्यंत एकदम भरली तरी चालते. काम कधी येईल सांगता येत नाही अशा माणसाला ही फार मोठी सवलत आहे. जूनमध्ये रिकामं बसलेल्याने दिवाळीनंतरच्या कामाचा अंदाज बांधायचा तरी कसा?

काका ४४एडी खाली येतात. त्यांनी १५ मार्च चुकवून ते ३३,६०० जुलैत भरले असते तर एका महिन्याचं ३३६ आणि एप्रिल ते जुलै चार महिन्यांचं १,३४४, असं १,६८० रुपये व्याज गेलं असतं. भरायला आयकर पोर्टलवरचं 'ई-पे टॅक्स' वापरावं. अग्रिम करासाठी कोड १००, वर्ष संपल्यावरच्या स्वयंनिर्धारण करासाठी ३००. कोड चुकला तर पैसे जातात, पण चुकीच्या रकान्यात पडतात. पावतीवरचा बीएसआर कोड (बँक शाखेचा क्रमांक), तारीख आणि चलन क्रमांक जपून ठेवा.

फॉर्म २६एएस दर तिमाहीला पाहा

२६एएस म्हणजे तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराचा आयकर खात्याकडचा उतारा. माझ्या अनुभवात सर्वांत जास्त पैसे इथेच अडकतात. कंपनी तुमच्याकडून कापते, पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत सरकारात भरते (मार्चचे ३० एप्रिलपर्यंत), आणि तिमाही विवरणपत्र ३१ जुलै, ३१ ऑक्टोबर, ३१ जानेवारी आणि ३१ मे या तारखांना देते. त्यानंतर पंधरा दिवसांत तुम्हाला फॉर्म १६ए, म्हणजे कापलेल्या कराचं प्रमाणपत्र, मिळायला हवा. विवरणपत्र गेल्याशिवाय तुमच्या २६एएसमध्ये रक्कम दिसत नाही, आणि तिथे दिसत नाही ते रिटर्नमध्ये सहज मिळत नाही.

मी स्वतः कंत्राटावर हिशेब पाहायचे तेव्हा एका पार्टीने माझे तीन महिन्यांचे २१,००० कापले, भरलेही, पण विवरणपत्रच दिलं नाही. मी २६एएस उघडलं ते थेट रिटर्न भरताना. मग त्यांच्या अकाउंटंटच्या मागे चार महिने. "करतो ताई, पुढच्या आठवड्यात." शेवटी उपयोगी पडलं ते एक वाक्य: विवरणपत्र उशिरा दिल्याबद्दल त्यांना दिवसाला २०० रुपये शुल्क लागतंय. ते त्याच आठवड्यात गेलं. म्हणून आता मी सगळ्यांना ऑगस्ट, नोव्हेंबर, फेब्रुवारी आणि जूनच्या मध्यावर एकदा २६एएस उघडायला लावते.

कापलेला कर पार्टीने भरलाच नसेल तर तो तुमच्याकडून पुन्हा वसूल करता येत नाही, कलम २०५ तसं स्पष्ट सांगतं. पण ते दाखवून द्यायला बिल आणि कमी रक्कम जमा झाल्याची बँकेची नोंद हातात हवी.

मार्चच्या बिलांचीही एक अडचण असते. पार्टी ३१ मार्चला खर्च टाकून टीडीएस कापते आणि पैसे तुम्हाला एप्रिलमध्ये देते. तुम्ही जमा झाल्यावर उत्पन्न धरत असाल तर टीडीएस या वर्षाचा आणि उत्पन्न पुढच्या वर्षाचं होतं. ज्या वर्षी उत्पन्न दाखवाल त्याच वर्षी त्याचं श्रेय मिळतं. उरलेलं पुढे ओढायला रिटर्नमध्ये रकाना आहे.

आधीच कमी कापून घ्यायचं असेल तर

८४,००० रुपये वर्षभर सरकारकडे अडकून पडणं तरुण माणसाला परवडत नाही. त्यासाठी कलम १९७ खाली कमी किंवा शून्य दराच्या प्रमाणपत्राचा अर्ज आहे, नव्या कायद्यात कलम ३९५. जुन्या कायद्यात हा फॉर्म १३. तो ट्रेसेस या आयकर खात्याच्या टीडीएस पोर्टलवर करदाता म्हणून नोंदणी करून ऑनलाइन भरायचा. रेसकोर्स सर्कलच्या आयकर भवनात कागद घेऊन जायची गरज नाही. सोबत मागच्या चार वर्षांची रिटर्न आणि उत्पन्नाची गणना, चालू वर्षाचा अंदाजी जमाखर्च, कापणाऱ्या प्रत्येक पार्टीचा टॅन (कर कापणाऱ्याचा नोंदणी क्रमांक) आणि तिच्याकडून अपेक्षित रक्कम द्यावी लागते. जुना कर थकलेला असेल तर अधिकारी तोही पाहतात, तो आधी निपटवा.

प्रमाणपत्र त्या वर्षापुरतं, त्या पार्टीपुरतं आणि ठरलेल्या रकमेपर्यंतच असतं, आणि दिल्या तारखेपासून पुढे लागू होतं. आधी कापलेलं त्याने परत येत नाही. डिसेंबरात अर्ज केला तर हाती फारसं काही राहत नाही, एप्रिलमध्येच करावा.

रिटर्न आणि परतावा

४४एडीए किंवा ४४एडी घेणाऱ्यांना बहुधा आयटीआर-४ हा रिटर्नचा फॉर्म पुरतो. त्यासाठी एकूण उत्पन्न ५० लाखांच्या आत हवं. कंपनीत संचालक असाल किंवा अनलिस्टेड शेअर असतील तर आयटीआर-३. सहा महिने पगार आणि सहा महिने कंत्राट असेल तरी दोन्ही एकाच आयटीआर-४ मध्ये बसतं, आणि पगाराच्या भागावर ७५,००० ची वजावटही मिळते. जुनी करप्रणाली हवी असेल तर रिटर्नच्या मुदतीच्या आत फॉर्म १०-आयईए द्यावा लागतो.

हाताशी चारही तिमाहींचे १६ए, २६एएस, एआयएस (पोर्टलवरचं वर्षाच्या व्यवहारांचं विवरण), बँकेचं वर्षाचं स्टेटमेंट, बिलांची यादी आणि अग्रिम कराची चलनं असू द्या. मुदत चुकली तर ३१ डिसेंबरपर्यंत उशिराचं रिटर्न भरता येतं, पण उत्पन्न ५ लाखांच्या आत असेल तर १,००० आणि वर असेल तर ५,००० शुल्क. भरल्यावर ३० दिवसांत आधारच्या ओटीपीने पडताळणी केलीच पाहिजे, नाहीतर ते मुदतीत भरलेलं धरत नाहीत.

परतावा बँकेत येतो तो फक्त पोर्टलवर पडताळणी झालेल्या खात्यात. लग्नानंतर आडनाव बदललेल्या माझ्या दोन मैत्रिणींचा परतावा यासाठीच अडला: पॅनवर माहेरचं नाव, पासबुकावर सासरचं. दोन्हीकडे एकच नाव झालं तेव्हा तो खात्यात आला.