लॉबीत शिल्प हवंय? फ्लोरिंगच्या आधी बोलवा

अमूर्त शिल्प म्हटलं की कमिटीच्या मीटिंगमध्ये पहिला प्रश्न ठरलेला: "पण हे आहे काय? मासा की पान?" दोन्ही नाही. ते तिथे काय काम करतं, ते बघा. डबल हाइट लॉबीत वरच्या दहा-बारा फुटांकडे कुणी बघतच नाही. वळत वर चढणारा आकार नजर तिथवर नेतो. दारातून लिफ्ट दिसत नसेल, तर एका बाजूला कललेला आकार पाहुण्याला तिकडे वळवतो. शिकागोच्या फेडरल प्लाझात आर्किटेक्ट मीस व्हॅन डर रोहच्या काळ्या, काटकोनी इमारतींपुढे शिल्पकार अलेक्झांडर कॉल्डरचं ५३ फुटी लालभडक 'फ्लेमिंगो' १९७४ पासून उभं आहे. नाव पक्ष्याचं, पण करतं काय, तर त्या सगळ्या सरळ रेघांना कमानींनी छेद देतं, आणि त्या कमानींखालून माणसं ये-जा करतात.

तुमचा पैसा आणि आम्हा शिल्प बनवून बसवणाऱ्यांचा वेळ जातो तो एकाच चुकीत. सगळं उरकल्यावर फोन येतो, "एक कोपरा मोकळा आहे, काहीतरी बसवा." तोवर फ्लोरिंग झालेलं, फॉल्स सीलिंग बंद. ३ मिमीचा एसएस (स्टेनलेस स्टील) पत्रा चौरस मीटरला साधारण २४ किलो भरतो. आठ फुटी शिल्प सांगाड्यासकट दोनशे किलोंच्या घरात सहज जातं. टाइल आणि खालचा माल मिळून ५०-७५ मिमीचा थर होतो, पण त्यात बोल्ट धरत नाही. बेसप्लेट, म्हणजे शिल्पाच्या तळाची लोखंडी प्लेट, स्लॅबवरच हवी: एम-१२ चे (१२ मिमी जाडीचे) चार केमिकल अँकर, म्हणजे भोकात केमिकलने चिकटवलेले बोल्ट, १४ मिमीचं भोक, स्लॅबमध्ये ११० मिमी खोल, ब्रश आणि हवा मारून साफ केलेलं. धूळ राहिली तर केमिकल धुळीलाच चिकटतं. तयार फरशीतून हे करताना टाइल तडकते, आणि त्याच शेडची टाइल नंतर मिळत नाही. पीटी स्लॅब (आत ताणलेल्या स्टीलच्या केबल असलेला) असेल तर केबल कुठून गेल्यात हे कळल्याशिवाय आम्ही ड्रिल लावत नाही. तिथे कृपया घाई करू नका. टांगतं शिल्पही फॉल्स सीलिंगच्या जिप्समला नाही, वरच्या स्लॅबला किंवा बीमलाच लटकतं.

म्हणून बेसप्लेट आधी, मग फ्लोरिंग, आणि शिल्प फरशीच्या ॲसिड वॉशनंतर. ॲसिडच्या नुसत्या वाफेनेही एसएसवर तपकिरी डाग पडतात. असं पुन्हा करावं लागलेलं बफिंग (पॉलिश) गॅरंटीत येत नाही. समुद्राजवळच्या जागेला एसएसची ३०४ ऐवजी कमी गंजणारी ३१६ ग्रेडच सांगतो, महाग असली तरी.

कोटेशनआधी लॉबीचा प्लॅन आणि सेक्शन (उंची दाखवणारा उभा नकाशा) मागतो, ती अडवणूक नाही. अख्खा आकार एका नजरेत यायला उंचीच्या साधारण दुप्पट अंतर लागतं. आठ फुटांपुढे सोळा फूट मोकळे नसतील तर लहान माप आम्हीच सुचवतो, बिल कमी झालं तरी. ऑर्डरआधी थर्माकोलचा पूर्ण मापाचा कटआउट दोन दिवस जागेवर ठेवतो. त्याचे पैसे ऑर्डरमधून वळते होतात. तो दारातून बघा, लिफ्टमधून बघा, आणि वॉचमनच्या खुर्चीत बसूनही बघा. त्याला गेट दिसेनासं झालं तर पहिली तक्रार त्याचीच येते.

फोटो पाठवाल तो मोकळ्या कोपऱ्याचा नको, दारात उभं राहून दिसणाऱ्या लॉबीचा पाठवा.