'स्माईल प्लीज' म्हटलं की हसू कुठे पळतं?

लग्नाचा व्हिडिओ एडिट करायला बसलो की दर वेळी तेच होतं, पोझ देऊन घेतलेलं तास-दोन तासांचं फुटेज बाजूला पडतं आणि कामाचं निघतं ते 'झालं, थँक्यू' म्हटल्यानंतरचं, कॅमेरा चुकून चालू राहिलेला असतो, नवरी नवऱ्याच्या कानात काहीतरी पुटपुटते आणि तो फिस्सकन हसतो. केमिस्ट्री म्हणतात ती हीच. पण मग सांगून का येत नाही?

दुशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरने चेहऱ्याची संवेदना गेलेल्या एका म्हाताऱ्याला विजेचे हलके झटके देऊन एकेक स्नायू हलवून पाहिला आणि त्याचे फोटो १८६२ मध्ये पुस्तकात छापले. (म्हाताऱ्याला दुखत नव्हतं म्हणे, तरी ते फोटो बघवत नाहीत.) त्याला दिसलं ते असं की ओठांचे कोपरे वर ओढणारा स्नायू ठरवून हलवता येतो, पण डोळ्याभोवतीचा, गाल वर उचलून डोळे बारीक करणारा स्नायू सहसा खऱ्या आनंदातच हलतो. आता काही जणांना तोही मुद्दाम हलवता येतो, त्यामुळे नुसते डोळे बघून खरं-खोटं सांगणाऱ्यांवर फार विश्वास ठेवू नका.

खरी गंमत मेंदूत आहे. ठरवून हसायचं तर हुकूम मोटर कॉर्टेक्समधून, म्हणजे ठरवून केलेल्या हालचाली चालवणाऱ्या मेंदूच्या बाहेरच्या थरातून निघतो, आपोआप येणाऱ्या हसूचा रस्ता वेगळा, मेंदूच्या आतल्या भागांतून जाणारा. म्हणून स्ट्रोक झालेल्या काही पेशंटना 'हसा' सांगितलं तर अर्धा चेहरा हलत नाही, पण विनोद ऐकला की तोच चेहरा दोन्ही बाजूंनी हसतो! म्हणजे आपण 'स्माईल प्लीज' ओरडतो तेव्हा हसूच मागतो, पण भलत्याच दारात जाऊन.

ठरवून आणलेलं हसू झटकन येतं, आपोआप येणारं हळूहळू चढतं. त्यामुळे हसू दिसल्यावर रेकॉर्डचं बटण दाबणाऱ्याच्या हातून त्याची सुरुवात गेलेली असते, आधीपासून चालू ठेवणं एवढाच उपाय. आणि 'काहीतरी जोक मारा' हेही सांगू नये. रॉबर्ट प्रोव्हाइन या शास्त्रज्ञाने लोकांच्या गप्पा ऐकून नोंदी केल्या तर बहुतेक हसणं अगदी साध्या वाक्यांनंतर येत होतं, विनोदावर फारच थोडं.

मला विचाराल तर दोघांना चालायला लावावं आणि आपण लांब लेन्स लावून दूर उभं राहावं. कोणी बघतंय हे जाणवलं की माणसाला स्वतःचे हातसुद्धा जड होतात, कुठे ठेवू कळत नाही, पण चालताना लक्ष वाटेवर जातं आणि शेजारी चालणाऱ्यांची पावलं बऱ्याचदा नकळत एका लयीत पडतात, ती लय कॅमेऱ्यात छान दिसते.

एडिटिंगला एक गोष्ट मी फार उशिरा शिकलो. गप्पांमध्ये एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला साधारण २०० मिलिसेकंद लागतात, सेकंदाला २५ फ्रेमच्या (चित्रांच्या) व्हिडिओत फक्त ५ फ्रेम. आधी तिचा क्लोजअप मग त्याचा असं जोडताना ही फट अर्ध्या-पाऊण सेकंदावर गेली की नवरा उत्तर द्यायला आढेवेढे घेतोय असं वाटायला लागतं, बिचाऱ्याने घेतले नसले तरी. म्हणून अशा जागी मी आता कट मारतच नाही, दोघं एकत्र दिसणारा शॉट असेल तो, जरा हललेला असला तरी, तसाच ठेवतो.