टायटॅनियम ग्रॅव्हल सायकल (परवडणारी श्रेणी)

डांबर, खडी आणि मुरूम अशा मिश्र रस्त्यांसाठीची, वळवलेल्या हँडलची आणि साधारण 38 ते 45 मिमी रुंद टायर बसणारी टायटॅनियम फ्रेमची सायकल. 'परवडणारी' हा शब्द मापानुसार हाताने बनवलेल्या टायटॅनियम फ्रेमच्या तुलनेतच खरा आहे. तेवढ्या पैशांत ॲल्युमिनियमची उत्तम सायकल आणि वर चाकांची दुसरी जोडीही येते.

फ्रेमच्या नळ्या बहुधा ग्रेड 9 मिश्रधातूच्या असतात: 3 टक्के ॲल्युमिनियम, 2.5 टक्के व्हॅनेडियम, उरलेले टायटॅनियम. त्याची घनता सुमारे 4.5 ग्रॅम प्रति घन सेंमी, म्हणजे पोलादाच्या जेमतेम सहा दशांश. मात्र ताठपणाही पोलादाच्या निम्माच, म्हणून नळ्या जाड व्यासाच्या घ्याव्या लागतात. तयार फ्रेम दीड ते पावणेदोन किलोची होते. पोलादीपेक्षा ती अर्धा किलो हलकी भरते, पण कार्बनपेक्षा तितकीच जड. त्यामुळे केवळ वजनासाठी टायटॅनियम घेणे हा आतबट्ट्याचा व्यवहार. ते हादरे गिळते ही ख्यातीही अर्धीच खरी. 70 किलोच्या स्वाराने 40 मिमीच्या ट्यूबलेस टायरमधली हवा 45 वरून 32 पीएसआयवर आणली, तर जाणवणारा फरक धातू बदलून मिळणाऱ्या फरकापेक्षा मोठा असतो.

खरा फायदा टिकण्यात आहे, आणि सातारा-सांगलीत तो चटकन कळतो. यवतेश्वर घाट चढून कासवरून बामणोलीकडे उतरताना उडणारे जांभ्याचे खडे रंगाचे टवके काढतात. पुढच्या पावसात पोलाद तिथूनच गंजते. टायटॅनियमला रंगच लागत नाही. ओरखडा खरखरीत घासणीने पुसला जातो. जत-आटपाडीकडच्या कोरड्या मुरमावर ही सायकल छान पळते. कृष्णाकाठच्या पाणंदीत मात्र, उसाच्या ट्रॅक्टरांनी घोळलेली काळी माती टायर आणि मागच्या नळ्यांच्या बेचक्यात भरली की कुठलाही धातू सारखाच अडतो. तिथे टायरच्या दोन्ही बाजूंना किमान 6 मिमी मोकळी जागा हवी. फ्रेम गंजली नाही तरी साखळी, बेअरिंग आणि स्क्रू गंजतातच.

किंमत कमी होते ती धातूत क्वचित, कारागिरीत आणि सुट्या भागांत जास्त. टायटॅनियम तापले की हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन शोषून ठिसूळ होते, म्हणून वेल्डिंग करताना नळीच्या बाहेरून आणि आतूनही आर्गॉन वायू सोडावा लागतो. चांगला जोड चंदेरी किंवा फिका पिवळसर दिसतो. गडद निळा किंवा राखाडी दिसला तर ती फ्रेम नाकारावी. बाहेरचा रंग घासून घालवता येतो, म्हणून सीटच्या नळीतून टॉर्च टाकून आतला जोडही पाहावा. विक्रेता नळ्यांचा ग्रेड सांगत नसेल तर सावध राहावे: ग्रेड 2 हे शुद्ध टायटॅनियम असून त्याची ताकद ताण देऊन कडक केलेल्या ग्रेड 9 च्या निम्म्याहून कमी असते.

सरळपणा घरीच तपासता येतो. मागच्या एका ड्रॉपआउटला (चाकाचा आस बसतो त्या खाचेला) दोरा बांधून तो हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत ताणावा आणि सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंचे अंतर मोजावे. दोन मापांत 2 मिमी फरक म्हणजे सीटच्या नळीजवळ मध्यरेषा 1 मिमी सरकलेली. त्यापुढे घेऊ नये. डिस्क ब्रेक बसतो ती जागा सपाट छिलली नसेल तर कॅलिपर (डिस्कला आवळणारा ब्रेकचा चिमटा) कितीही हलवला तरी डिस्क घासत राहते. ही या श्रेणीतली सर्वांत सामान्य तक्रार असून फेसिंगचे, म्हणजे ती जागा सपाट छिलण्याचे, हत्यार असलेल्याकडे ती सुटते. पॅडलच्या आसासाठी आट्यांचा बॉटम ब्रॅकेट घ्यावा. नुसता दाबून बसवलेला, भोकाचे माप जरा चुकले तरी करकरतो.

घाटासाठी गिअरही पाहावेत. पुढे 40 आणि मागे सर्वांत मोठे 42 दात असले तर सामानासह यवतेश्वर चढता येतो. पुढे 42 आणि मागे 34 असेल तर गुडघे बोलतात. बाभळीच्या काट्यांमुळे ट्यूबलेस जवळजवळ अनिवार्य: 40 मिमीच्या प्रत्येक टायरमध्ये 60 ते 90 मिली सीलंट (भोक आतून बुजवणारा द्रव) घालावे, आणि उन्हाळ्यात ते लवकर सुकते म्हणून दोन महिन्यांनी तपासावे.

ॲल्युमिनियमचा सीटपोस्ट (सीटचा दांडा) टायटॅनियमच्या नळीत कोरडा घातला, तर ओलाव्यात ॲल्युमिनियम झिजून फुगते आणि पोस्ट कायमचा अडकतो. अँटी-सीझ (धातू एकमेकांत अडकू न देणारा लेप) लावूनच बसवावा, आणि पावसाळ्याआधी व नंतर एकदा पूर्ण बाहेर काढून पुसावा.

तडे बहुधा जोडाच्या कडेला, ड्रॉपआउटजवळ किंवा केबलसाठी पाडलेल्या भोकाच्या धारदार कडेवरून सुरू होतात. पोलादी फ्रेम गावातला चांगला वेल्डरही सांधून देतो. दूध संघांच्या आणि साखर कारखान्यांच्या कामामुळे या भागात स्टेनलेसचे टिग वेल्डिंग करणारे हात आहेत, पण नळीच्या आत आर्गॉन भरण्याची सोय नसेल तर त्यांनी घातलेला टायटॅनियमचा टाका काही दिवसांतच पुन्हा फुटतो. म्हणून हमीपत्रात 'आजीवन' हा शब्द वाचून थांबू नये. फ्रेम परत पाठवण्याचा खर्च कोणाचा, हे पैसे भरण्याआधी लेखी घ्यावे.