प्लास्टिकच्या तेलावर डिझेल इंजिन : धूर घटला, नॉक्स वाढले

१९७३च्या तेलटंचाईनंतर जर्मनी आणि जपानमध्ये टाकाऊ प्लास्टिकपासून तेल काढण्याच्या प्रयोगांना जोर आला. हॅम्बुर्ग विद्यापीठात वाल्टर कामिन्स्की यांनी वायूच्या झोताने खळखळत्या ठेवलेल्या तप्त वाळूत प्लास्टिकचे विघटन केले. प्रश्न तेव्हा कचऱ्याचा आणि तेलाचा होता; हे तेल जाळल्यावर इंजिन काय ओकते, हे खूप उशिरा तपासले गेले.

आपल्याकडे हा विषय गाजला तो नागपूरच्या प्रा. अलका झाडगावकर यांच्या प्रक्रियेमुळे आणि बुटीबोरीच्या प्रकल्पामुळे. २०१६च्या प्लास्टिक कचरा नियमांत रस्ते आणि ऊर्जेबरोबर तेलनिर्मितीचाही उल्लेख आला. ऑगस्ट २०१९मध्ये डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेत रोज एक टन प्लास्टिकपासून ८०० लिटर डिझेल काढण्याचा प्रकल्प सुरू झाला.

प्रक्रिया सांगायला सोपी आहे. हवा बंद करून प्लास्टिक साधारण ४०० ते ५०० अंश सेल्सिअसला तापवायचे, वाफ थंड करून तेल जमवायचे आणि न निवणारा वायू पुन्हा भट्टीखाली जाळायचा. घोळ होतो कच्च्या मालात. पीव्हीसीतून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटते आणि ते पाइप खाते. पाण्याच्या बाटल्यांच्या पीईटीपासून सेंद्रिय आम्लांचे स्फटिक तयार होऊन कंडेन्सरच्या नळ्या तुंबतात. म्हणून धुतलेले तुकडे पाण्याच्या टाकीत टाकावेत : पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलिन तरंगतात, पीव्हीसी आणि पीईटी तळाला जातात. भरीव पॉलिस्टायरिनही (थर्माकोल ज्याचा बनतो ते प्लास्टिक) बुडते. तेही तेलासाठी हवे असेल तर मिठाचे पाणी घ्यावे, म्हणजे ते तरंगते.

धुराचा खरा हिशेब मांडला तो चेन्नईच्या अण्णा विद्यापीठातील एम. मणी, जी. नागराजन आणि सहकाऱ्यांनी. २००९च्या त्यांच्या चाचण्यांत निव्वळ प्लास्टिक तेलावर इंजिनाचा काळा धूर डिझेलपेक्षा ४० ते ५० टक्के कमी भरला, पण नायट्रोजनची ऑक्साइडे, म्हणजे नॉक्स, सुमारे २५ टक्क्यांनी वाढली. न जळलेले हायड्रोकार्बनही १५ टक्क्यांच्या आसपास चढले. हे तेल पेट घ्यायला उशीर लावते. तोवर सिलिंडरमध्ये साठलेले इंधन एकदम भडकते, तापमान उसळते आणि नॉक्स वाढतात. पिस्टन सर्वांत वर पोचण्याच्या २३ अंश आधी होणारी इंधन फवारणी थोडी उशिरा, म्हणजे १४ अंश आधी (क्रँकच्या फिरण्याचे अंश) केल्यावर नॉक्स उतरले, पण धूर वाढला. नॉक्स घटवण्यासाठी इंजिनाबाहेर पडणारा वायू थंड करून २० टक्क्यांपर्यंत परत सिलिंडरमध्ये सोडण्याचा उपायही त्याच गटाने तपासला. ‘प्लास्टिकचे तेल म्हणजे स्वच्छ इंधन’ ही जाहिरात म्हणूनच अर्धवट आहे.

एप्रिल २०२०पासून वाहनांच्या धुराचे बीएस-६ (भारत स्टेज ६) निकष आले आणि डिझेलमधील गंधक १० पीपीएमवर (दहा लाख भागांत १० भाग) बांधले गेले. भट्टीतून निघालेले कच्चे तेल आधुनिक गाडीत घालूच नये. त्यातला पेट्रोलसारखा हलका भाग ज्वलनबिंदू (ज्या तापमानाला इंधनाची वाफ ठिणगीने पेटते तो) खाली आणतो, मेण थंडीत फिल्टर अडवते, आणि असंतृप्त घटक साठवणीत डिंक धरून नोझलवर चिकटतात. आधी ऊर्ध्वपातनाने डिझेल ज्या तापमानांदरम्यान उकळते त्या पट्ट्यातला भाग वेगळा काढावा, क्लोरीन, गंधक आणि ज्वलनबिंदू तपासून घ्यावा, आणि मगच जनरेटरसारख्या एका जागी बसवलेल्या इंजिनात डिझेलमध्ये थोडे मिसळून पाहावे.