पॅनलवरचं शून्य किती खरं?

वरुड-मोर्शीकडे मृग बहाराची संत्री उतरू लागली की कोल्ड स्टोरेजचे कॉम्प्रेसर रात्रंदिवस धावतात. आत संत्री सहा-सात अंशांत, बाहेर मे येईतो पारा 45 च्या आसपास. ही थंडी आणणारा वायू बहुतेक ठिकाणी अमोनिया. तो हवेहून हलका, म्हणून गळती ओळखणारा सेन्सर मशीन रूममध्ये छताखाली, आणि त्याचा आकडा दाखवणारं पॅनल ऑपरेटरच्या खोलीत. पॅनलवर '0' दिसलं की सगळे निश्चिंत होतात. पण त्या शून्याचे अर्थ दोन आहेत: हवेत अमोनिया नाही, किंवा असूनही सेन्सरला कळत नाही.

पॅनल वायू मोजतच नाही, मोजतं ते सेन्सरकडून येणारा वीजप्रवाह. 0 ते 100 पीपीएमचा (हवेच्या दहा लाख भागांत वायूचे किती भाग) सेन्सर शून्याला 4 मिलिअँपिअर पाठवतो, 25 ला 8, 50 ला 12 आणि 100 ला 20. शून्यालाही 4 ठेवले आहेत ते मुद्दाम. तार तुटली तर प्रवाह थेट 0 होतो, आणि साधारण 3.6 च्या खाली गेला की पॅनल फॉल्टचा दिवा लावतं. तुटलेली तार अशी लगेच सापडते. सुकलेला सेन्सर मात्र सहसा सापडत नाही. या सेन्सरच्या पोटात पाणी असलेलं इलेक्ट्रोलाइट, म्हणजे वीज वाहणारं द्रावण असतं. मे महिन्याच्या कोरड्या हवेत, तापलेल्या पत्र्याखाली ते पाणी उडत जातं. वायू ओळखायची ताकद संपते, पण सर्किट चालूच असतं आणि 4 मिलिअँपिअर बिनचूक येत राहतात.

म्हणून खरी परीक्षा एकच: सेन्सरला प्रत्यक्ष वायू देणं. आधी सगळ्यांना कळवून पॅनलचा कॉम्प्रेसर थांबवणारा रिले (विजेवर चालणारा स्विच) इनहिबिटवर टाकावा, म्हणजे तात्पुरता रोखावा, नाहीतर कॉम्प्रेसर बंद पडेल. मग 50 पीपीएमचा टेस्ट गॅस, मिनिटाला अर्धा लिटर, सेन्सरवर बसवलेल्या कॅपमधून सोडावा. नळी टेफ्लॉनची आणि आखूड हवी, कारण अमोनिया नळीला आणि ओलाव्याला चिकटतो. दोन-तीन मिनिटं थांबावं. आकडा 50 च्या आसपास आला, ठरलेल्या टप्प्यांवर अलार्म वाजला आणि एग्झॉस्ट पंख्याचा रिले ओढला गेला, तर पूर्ण साखळी ठीक. आकडा 20 वरच अडला आणि कॅलिब्रेशन करूनही, म्हणजे टेस्ट गॅसशी आकडा जुळवूनही, वर येत नसेल, तर सेन्सर बदलावा.

लिकर अमोनियाची (पाण्यात विरघळवलेल्या तीव्र अमोनियाची) बाटली सेन्सरपुढे धरायची पद्धत अनेक ठिकाणी दिसते. ती कृपा करून सोडा. बाटलीच्या तोंडाशी अमोनिया सेन्सरच्या मर्यादेच्या कितीतरी पट असतो. अर्धमेला सेन्सरही त्यात ओरडतो, आणि चांगल्या सेन्सरचं आयुष्य घटतं.

फॉल्टचा दिवा लागला असेल तर थेट नवा सेन्सर मागवू नये. आधी दोष पॅनलमध्येच की पॅनलच्या पलीकडे ते ठरवावं. दोन तारांचा सेन्सर असेल तर पॅनलकडची त्याची तार सोडून त्या टर्मिनलवर लूप कॅलिब्रेटरने (हवा तेवढा प्रवाह देणाऱ्या उपकरणाने) 12 मिलिअँपिअर द्यावेत. कॅलिब्रेटर नसेल तर 1.8 किलोओहमचा, एक वॅटचा रेझिस्टर तिथे जोडावा. 24 व्होल्टचा पुरवठा आणि पॅनलच्या आतला रोध 250 ओहम असेल तर 48 पीपीएमच्या आसपास आकडा दिसतो. दिसला तर पॅनल ठीक, दोष केबलमध्ये किंवा सेन्सरमध्ये.

केबल तपासताना पुरवठा बंद करून दोन्ही टोकं सोडावीत. पलीकडची टोकं एकमेकांना जोडून अलीकडून रोध मोजावा. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलला 200 मीटरवर जेमतेम 5 ओहम यायला हवेत. 40 आले तर कुठलातरी सांधा गंजलाय. मेगर (तारेचं इन्सुलेशन तपासणारं यंत्र) लावायचा असेल तर टोकं सोडलेलीच हवीत. त्याचे 500 व्होल्ट सेन्सरचं सर्किट जाळतात.

सांधा शोधायला जंक्शन बॉक्स उघडावा. अमोनिया आणि ओलावा मिळून तांबं-पितळ खातात. स्क्रूभोवती निळसर-हिरवी भुकटी जमलेली असते, तार ओढली की तुकडाच हातात येतो. बहुतेक वेळा कारण एकच, केबल ग्लँड, म्हणजे केबल बॉक्समध्ये शिरते तिथली आवळपट्टी, नीट आवळलेला नसतो. ग्लँड जिथे सैल, तिथे पावसाळ्यात पुन्हा हेच. तार कापून नवं टोक काढावं, कथिल चढवलेला लग (तारेच्या टोकाची धातूची टोपी) बसवावा.

आणखी एक फसवा फॉल्ट. मशीन रूममध्ये थोडा अमोनिया असतानाच कुणी त्या घडीची हवा शून्य धरणारं 'झिरो' बटण दाबतं. समजा तेव्हा 5 पीपीएम होता. नंतर हवा स्वच्छ झाली की सेन्सर उणे 5 दाखवू पाहतो, प्रवाह 3.2 वर उतरतो, फॉल्ट लागतो आणि चांगला सेन्सर भंगारात जातो. शून्य नेहमी सिलिंडरमधल्या शुद्ध हवेवर बसवावं.

पॅनलच्या बॅकअप बॅटरीची तपासणी लाइन असताना होत नाही. चार्जरमुळे 27 व्होल्ट दिसतातच. मेन बंद करून, हूटर वाजवत अर्धा तास ठेवावं. 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांची जोडी तेवढ्यात 22 च्या खाली आली तर दोन्ही एकदमच बदलाव्यात. खोली तापत असेल तर अशा बॅटऱ्या छापील आयुष्याच्या निम्म्यातच थकतात.